चौदा डब्यांची नोंद

फाटकवालीला भुताची भीती कधी वाटली नाही. तिचं भूत रोज दुपारी पावणेचारला यायचं, आणि इतकी वेळ पाळणाऱ्याला घाबरायचं काय, असं ती स्वतःशीच म्हणायची.

नऊ वर्षं त्या लाइनीवरून एकही गाडी गेली नव्हती. रुळांवर गंज चढला होता, खडीतून कमरेएवढं गवत वर आलं होतं. तरी साडेतीन वाजले की ती खोलीतून बाहेर यायची, हिरवं निशाण काखेत धरायची आणि फाटकाचे दोन्ही दांडे खाली करायची. रस्त्यावर नवखा कोणी असला तर हॉर्न वाजवायचा, उतरून गवतात बुडालेल्या रुळांकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, आणि तिचा चेहरा बघून मुकाट्याने परत गाडीत जाऊन बसायचा. जुने लोक गाडी बंद करून पेपर उघडायचे. मावशींची गाडी जाऊ दे, असं एकमेकांना सांगायचे. त्यात थट्टा होती, नाही असं नाही, पण कुत्सितपणा नव्हता. पावणेचारला ती चढावरच्या खिंडीकडे तोंड करून उभी राहायची. ओठ हलायचे. अकरापर्यंत हलायचे आणि थांबायचे. त्यानंतर वीस मिनिटं ती फाटक उघडत नसे, मग समोर कोणीही असो.

तिला काय ऐकू यायचं ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. इंजिन नाही, शिट्टी नाही. खिंडीतून हातोडीचे ठोके यायचे. एक, दोन. तिसऱ्याची वाट बघत ती उभी राहायची आणि तिसरा कधी यायचा नाही.

लाइन म्हणजे काही मोठी नव्हे. वर डोंगरात चुनखडीची खाण, खाली जंक्शन आणि मध्ये चौतीस किलोमीटर एकेरी रूळ. मालगाडीशिवाय दुसरी गाडी तिने कधी पाहिली नाही. माणसाला जायचंच असेल तर ड्रायव्हरची मनधरणी करून इंजिनात उभं राहायचं आणि उतरल्यावर घरचे ओळखेपर्यंत तोंड धुवायचं. फाटकवाली लग्न होऊन आली तेव्हा दिवसाला सहा गाड्या होत्या, तीन इंजिनं होती. खाली जाताना चुनखडी, लाकडाचे ओंडके, धान्याची पोती. वर येताना कोळसा, खत, नांगराचे फाळ, एकदा तर अख्ख्या शाळेची बाकं. गाडीच्या वेळेवर गुरं घरी यायची आणि घड्याळं लागायची. आसपासच्या दहा गावांत या लाइनीला कोणी नावं ठेवली तर ऐकून घेणारा माणूस नव्हता.

मग रस्ता डांबरी झाला. याचा सगळ्यांत जास्त आनंद फाटकावरच्यांनाच झाला होता, हे आता कोणाला खरं वाटायचं नाही. धूळ गेली म्हणून तिच्या नवऱ्याने डांबर टाकणाऱ्यांना दोन दिवस चहा पाजला. त्याच डांबरावरून ट्रक आले. आधी धान्य त्यांनी नेलं, मग लाकूड, मग वखारच बंद पडली. सहाच्या चार गाड्या झाल्या, चाराच्या दोन, आणि शेवटी दुपारची एक. तीनपैकी दोन इंजिनं खोलून त्यांचे भाग तिसऱ्यात घातले. इंजिनं संपल्यावर माणसांची पाळी आली.

पहिला गेला गार्ड. सगळ्या डब्यांना एकदम धरणारा ब्रेक या लाइनीला कधी मिळालाच नव्हता. ब्रेक दोनच, एक इंजिनात आणि दुसरा शेवटी गार्डच्या डब्यात. गार्ड गेल्यावर त्याचा डबाही विकला आणि त्याबरोबर दुसरा ब्रेक गेला. तो डबा आजही हमरस्त्याला आहे, त्यात चहाची टपरी चालते आणि चहा बरा असतो. मग शेवटच्या डब्याच्या पाठीला लावायची लाल पाटी फुटली. ती पाटी दिसली म्हणजे गाडी पुरी गेली, मागे काही सुटलं नाही, हे फाटकावरच्या माणसाला कळतं. नव्या पाटीसाठी जंक्शनला सात पत्रं गेली. सातव्याला उत्तर आलं, की पाटी येईपर्यंत फाटकावर डबे मोजून रजिस्टरात लिहावेत. पाटी काही आली नाही.

तिचा नवरा या लाइनीवर चावीवाला होता. रुळाला खालच्या स्लीपरशी आवळून धरणारी लोखंडी पाचर असते, तिला चावी म्हणतात. गाडीच्या हादऱ्याने ती ढिली होते. रोज लाइनीने चालत एकेक चावी हातोडीने बसवत जायचं, हे त्याचं काम. दोन ठोके बसवायला आणि तिसरा ऐकायला. तिसरा खणखणीत वाजला तर पुढे चला, बद्द वाजला तर पुन्हा ठोका. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. पण घरातल्या खुंट्यासुद्धा तिसरा ठोका मारून ऐकायचा. ती त्याला त्यावरून चिडवायची, की माझं डोकंसुद्धा एकदा ठोकून बघा, ढिलं आहे का ते कळेल.

माणसं कमी करताना कोणीतरी वर टेबलाशी बसून ठरवलं, की चावीवाला आणि फाटकवाला मिळून एकच माणूस पुरे. सकाळी त्याने फाटकाखालचे सहा किलोमीटर चालायचे, दुपारी गाडी गेली की फाटकावरचे पाच, आणि शिवाय फाटकही सांभाळायचं. ज्याने हे ठरवलं तो आयुष्यात खडीवरून अर्धा तासही चाललेला नसणार. नवरा खालून परत यायचा तोच साडेतीनला, पायांचा भुगा होऊन. मग फाटक बायकोने घेतलं. दांडे खाली करायचे, निशाण दाखवायचं, डबे मोजायचे आणि रजिस्टर लिहायचं. नोकरी त्याच्या नावाची, म्हणून अक्षरही त्याचंच हवं. तिने ते गिरवून गिरवून इतकं उचललं की त्यालासुद्धा आपलं कोणतं आणि हिचं कोणतं ते सांगता येईना.

खाणीचा माल ठरलेला, गाडी रोज चौदा डब्यांची. पहिला महिनाभर तिने बोट रोखून मोजले. मग नुसत्या नजरेने. दुसऱ्या वर्षी सकाळी चहा झाल्यावर रजिस्टरात तारीख घालताना तिचा हात आपोआप पुढच्या रकान्यात सरकायला लागला. चौदा. दुपारी फक्त वेळ लिहायची राहायची. रोज तेच लिहायचं तर सकाळीच लिहून मोकळं का होऊ नये, यात तिला काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर त्या लाइनीवर दुसऱ्या कोणालाही दिसलं नसतं.

तो दिवस कोरडा, वाऱ्याचा होता. तिने चादरी धुतल्या होत्या आणि खोलीसमोरच्या दोरीवर घातल्या होत्या. चुनखडीची गाडी जायची तेव्हा डब्यांतून पांढरी भुकटी उडायची आणि ओल्या कपड्यावर बसली की दगड व्हायची. एरवी ती गाडीच्या आधीच कपडे काढून घ्यायची, त्या दिवशी राहून गेलं. इंजिनाने वळणावर शिट्टी दिली तेव्हा ती निशाण काखेत मारून दोरीकडे धावली. पाठीमागून गाडी धडधडत होती आणि ती एकेक चादर ओढून खांद्यावर टाकत होती. सात वर्षांची लेक पायरीवर पाय हलवत बसली होती. शेवटची चादर निघाली तेव्हा गाडीचा आवाज उताराला लागला होता. आतून नवऱ्याने पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता रोजच्यासारखं विचारलं, "किती?"

"चौदा," ती म्हणाली.

त्याने टोपी घातली, हातोडी खांद्यावर टाकली आणि लेकीच्या डोक्यावर टपली मारून तो चढाकडे गेला. तिने फाटक उघडलं. खिंड तिथून अर्ध्या किलोमीटरवर. थोड्या वेळाने ठोके ऐकू यायला लागले. तीन, मग थोडं चालणं, मग तीन. ती चादरींच्या घड्या घालत होती. एकदा दोनच ठोके आले. तिसरा आला नाही. एखादी चावी कुरकुरत असेल म्हणून तिने मान वर केली, तर वळणावरून डबे येताना दिसले. पुढे इंजिन नाही, आवाज जवळजवळ नाही. नुसतेच डबे, वरून पांढरी भुकटी उडवत, हळूहळू वेग घेत. उघड्या फाटकातून ते तिच्यासमोरून गेले, आणि हातात चादरीची दोन टोकं धरून तिने ते मोजले. एक, दोन, तीन. म्हणजे मघाशी अकरा गेले होते. हे तिला कळायला तिसरा डबा पुरता पुढे जायचीही गरज लागली नाही. तिने चादर टाकली आणि ती खिंडीकडे धावत सुटली.

डबे जोडणारी कडी वर सपाटीला तुटली होती. तीन डबे तिथे अडून राहिले होते आणि मग आपल्याच वजनाने उताराला लागले. हातोडीच्या आवाजात त्याला वरून येणारं काही ऐकू आलं नसावं. निदान जंक्शनहून आलेल्या तीन साहेबांनी तसं लिहिलं. ते टेबल मांडून बसले, आणि मधल्याने रजिस्टर तिच्यापुढे फिरवून विचारलं, की हे अक्षर कोणाचं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

"त्यांचं," ती म्हणाली.

एवढाच शब्द. मी लिहिलं म्हटलं असतं, तर नोकरीवर नसलेल्या बाईच्या हाती फाटक दिलं म्हणून ठपका त्याच्यावरच बसला असता, हे खरं होतं. पुढे सव्वीस वर्षं ती या खऱ्याला धरून राहिली. पण ती बोलली ती नोकरीबरोबरची खोली जाईल, लेकीला घेऊन रस्त्यावर यावं लागेल या भीतीने, हे त्याहून खरं होतं, आणि तेही तिला ठाऊक होतं. अहवाल आला. मयत कर्मचाऱ्याने डबे न मोजता नोंद केली आणि तो स्वतःच्या निष्काळजीपणाला बळी पडला. त्याची एक प्रत जंक्शनच्या फळ्यावर वर्षभर लटकत होती. त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली, खोली राहिली, आणि रजिस्टर तिच्या स्वतःच्या अक्षरात सुरू झालं.

सासू आणखी दहा वर्षं जगली. म्हातारी रोज एकदा तरी म्हणायची, माझा पोरगा न बघता काही लिहायचा नाही गं. फाटकवाली तिच्यासमोर चहाचा कप ठेवायची. शेवटच्या दिवशीही म्हातारी तेच म्हणाली, आणि तेव्हाही हिला तोंड उघडता आलं नाही. या एका गोष्टीसाठी ती स्वतःला कधीच माफ करणार नव्हती. बाकीच्यांसाठी करणार होती असंही नाही.

लेकीचं वेगळंच झालं. शाळेत पोरं म्हणायची, तुझा बाप न बघता लिहायचा. ती कोणाशी भांडली नाही. उलट मोठी झाली तशी तीही तेच म्हणायला लागली, आणि इतक्या कडवटपणाने की ऐकणारा विषय बदलायचा. शिवाय तिला एक खोड लागली. काहीही मोजलं की पुन्हा मोजायचं. पायऱ्या, बटणं, वहीची पानं. शाळेत तिचं नाव 'दोनदा' पडलं आणि ते सासरपर्यंत पोचलं. ती औषधाच्या दुकानात कामाला लागली. तिथे गोळ्या दोनदा मोजून देते म्हणून गिऱ्हाइकं तिच्याकडेच रांग लावायची. जावई म्हणायचा, लग्नातसुद्धा हिने मला दोनदा बघून घेतलं, दुसऱ्यांदा मीच आहे ना याची खात्री करायला. सगळे हसायचे. फाटकवालीही हसायची.

नोकरीत असताना फाटकवालीने न मोजता एक आकडा कधी लिहिला नाही. गाडी गेल्यावरही वीस मिनिटं फाटक बंद ठेवायची. तक्रारी झाल्या, मेमो आले, तिने ते चुलीत घातले. डबे चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच, मग गाडी आठवड्यातून दोनदा, मग बोलावलं तर. नऊ वर्षांपूर्वी खाणवाल्यांनी शेवटचा माल ट्रकने नेला, आणि लाइन 'तात्पुरती बंद' असं पत्र आलं. कागदावर लाइन जिवंत, म्हणून फाटकावर माणूस हवा. कागदाची ही कृपा तिला नऊ वर्षं पुरली. लेक दर महिन्याला यायची आणि चल म्हणायची. फाटक कोण बघणार, असं ही म्हणायची. वादाला तिथून पुढे वाट नव्हती.

यंदा ते पत्रही मागे घेतलं गेलं. रूळ उचलायचं काम खाणीच्या टोकाकडून सुरू झालं. जुनं इंजिन जंक्शनकडे तोंड करून उभं, त्याच्या मागे उघडे डबे, शेवटच्या डब्यावर यारी, म्हणजे क्रेन. ती मागचे रूळ उचलून डब्यांत टाकायची आणि गाडी तेवढी खाली सरकायची. गाडी जिथून पुढे गेली तिथे मागे लाइनच राहत नव्हती. दिवसाला अर्धा किलोमीटर. फाटकवाली वाट बघत होती ती खिंडीची. तिथले रूळ गेले की ठोकायला चावी राहणार नाही, मग तो कशावर ठोकेल, असं तिला वाटत होतं. सुटेल बिचारा, आणि आपणही सुटू.

खिंड मोकळी झाली त्या दिवशी ती सवयीने उभी राहिली. पावणेचार झाले. वर नुसती खडी पांढरी पडली होती. ठोके आले. एक, दोन.

तेव्हा मात्र तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. इतकी वर्षं ती समजत होती की तो लाइनीपाशी अडकलाय. तो लाइनीपाशी नव्हताच. तो तिच्याबरोबर येणार होता, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, नातीच्या अभ्यासाच्या टेबलाशी, रोज पावणेचारला. आणि तिथे लेक समोर बसून त्याला निष्काळजी म्हणत असणार होती. दोन दिवस ती जेवली नाही. सांगितलं तर लेक तुटेल. नाही सांगितलं तर हे सगळं त्या घरात न्यायचं. या दोहोंत तिला तिसरं काही सापडेना.

आज गाडी फाटकावरून जायची होती. जंक्शनचा तरुण कारकून शेवटची नोंद करून रजिस्टर ताब्यात घ्यायला आला होता आणि पायरीजवळ खुर्ची टाकून बसला होता. लेक टेम्पो घेऊन आली होती. सामान कितीसं, दोन ट्रंका, एक पलंग, भांड्यांचं खोकं. ते टेम्पोत चढवून लेकीने नग मोजले. मग पुन्हा मोजले.

कारकून घड्याळ बघून म्हणाला, की गाडी यायला वेळ लागेल, मावशींनी नोंद आत्ताच करून टाकावी, कोण बघायला येतंय. त्याने पेन पुढे केलं. तो चांगला मुलगा होता, त्याला घरी जायची घाई होती इतकंच. फाटकवालीने पेन घेतलं नाही. रजिस्टरही उघडलं नाही.

लेक मागून म्हणाली, "साहेब, आमच्याकडे असं आधी लिहून ठेवल्यानेच माणूस गेलाय. बाबांनी एक दिवस मान वर करून बघितलं असतं ना—"

"बाबांनी नाही," फाटकवाली म्हणाली. "मी लिहिलं होतं."

लेकीला आधी कळलंच नाही. मग फाटकवालीने सगळं सांगितलं, कारकुनासमोरच, कारण आत जाऊन सांगायचं म्हटलं असतं तर पाय खोलीत पोचेपर्यंत धीर सुटला असता. सकाळच्या चहाचं सांगितलं, चादरींचं सांगितलं, किती विचारलं आणि काय उत्तर दिलं ते सांगितलं, साहेबांच्या टेबलासमोरचा तो एक शब्दही सांगितला. सांगताना ती रडली नाही. तिने फक्त फाटकाचे दांडे वर-खाली करायची मूठ घट्ट धरली होती. कारकून खुर्चीतून उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

लेक पायरीवर बसली. तीच पायरी. 

"अकरा होते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"नाही, तू ऐक. मी मोजले होते. इथे बसून. अकरा आले. मी सांगणार होते, तेवढ्यात तू चौदा म्हणालीस." तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव सांगावा तसा. "मला वाटलं, मलाच मोजता येत नाही."

फाटकवालीच्या हातातली मूठ सुटली. सव्वीस वर्षं ती एका माणसाला वाहत होती. दुसरं माणूस इथे पायरीवर बसलं होतं आणि सगळं घर त्याच्या खोडीला हसत होतं. पायऱ्या, बटणं, गोळ्या. सगळं तिला एकदम दिसलं. तिला लेकीजवळ जावंसं वाटलं, पण तेवढा हक्क आपल्याला उरलाय का ते तिला कळेना, म्हणून ती जागीच उभी राहिली.

"मग बाबांना का बोलायचीस?" तिने विचारलं.

"त्यांचं चुकलं म्हटलं की माझं नाही चुकलं असं व्हायचं," लेक म्हणाली. "मी तोंड उघडलं असतं तर ते गेलेच नसते ना वर." मग म्हणाली, "तू एकदा जरी सांगितलं असतंस, आई."



वळणावर इंजिनाने शिट्टी दिली. कारकून परत आला. फाटकवालीने दांडे खाली केले, निशाण उघडलं आणि मग लेकीकडे वळली.

"तू मोज," ती म्हणाली. "मी नाही मोजत. तू सांगशील ते लिहीन."

लेक उठून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली, पण हातभर अंतर ठेवून. गाडी हळूहळू आली. डब्यांत गंजके रूळ एकावर एक रचलेले होते, त्यांतले काही खिंडीतले असणार. शेवटच्या डब्यावर यारी मान खाली घालून बसली होती. तो डबा गेला आणि त्याच्या मागे उघडी खडी उरली. लेकीचे ओठ हलायचे थांबले. फाटकवाली वाट बघत राहिली, ते पुन्हा हलायला लागतील म्हणून. ते हलले नाहीत.

"नऊ," लेक म्हणाली.

फाटकवालीने रजिस्टर गुडघ्यावर घेतलं. तारीख घातली, वेळ घातली, नऊ लिहिले. मग शेवटचा रकाना होता, शेऱ्याचा. तो सव्वीस वर्षं कोराच जायचा. त्यात तिने जुनी तारीख घातली, जी तिला आठवावी लागली नाही, आणि पुढे सावकाश लिहिलं, आपल्या स्वतःच्या अक्षरात: 'डबे अकरा होते. मोजले माझ्या लेकीने. चौदा लिहिले मी. माझ्या नवऱ्याने काही लिहिलं नव्हतं.' खाली सही केली.

कारकुनाने ते वाचलं आणि तो घुटमळला. "मावशी, हे इथे लिहायचं नसतं."

"मग कुठे लिहायचं असतं, साहेब?"

 त्याने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, रजिस्टर बंद केलं, पिशवीत ठेवलं आणि फाटक उघडायला मुठीकडे हात नेला. रस्त्यावर पाच-सहा गाड्या खोळंबल्या होत्या.

"थांबा," लेक म्हणाली. "वीस मिनिटं आहेत अजून."

तिने मूठ स्वतःच्या हातात घेतली. दोघी खिंडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मध्ये तेच हातभर अंतर. वर नुसती खडी होती, तिच्यावरून आता काही येणं शक्य नव्हतं, आणि दोघीही कान देऊन उभ्या होत्या. आईला काय ऐकू येतं ते लेकीने विचारलं नाही. रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवला नाही.